नांगराची साखळी

साल १९६४. दर्यापूरच्या जिनिंगबाहेर कापसाच्या रांगेत माझ्यापुढे दोन शेतकरी बोलत होते.

“खुशालराव, ट्रॅक्टरपासून ट्रॉलीले हे नांगराची साखळी कावून बांधली?”

“बायकोनं बांधली. बैल इकले तवा हे साखळी तिनं इकू देली नाही. म्या म्हटलं, ट्रॉली जोडाले लोखंडी पिन हाय, पुरे.”

“मंग?”

“मनकर्णा म्हने, चार जोड्या बैलाईनं ओढूनबी जे तुटली नाही, थे राहू द्या पिनीच्या सोबतीले.”

“बाईमानसाले यातलं काय समजते?”

“आज चढावर पिन तुटली, जानराव. ट्रॉलीवर सात बाया बसल्या होत्या. साखळीनं धरली.”

“बापा! मंग आता नवी पिन?”

“जाडी पाहून आनाले थेच गेली लोहाराकडं. मले म्हने, तुमी रांग सोडू नोका.”