खुर्ची विझेपर्यंत

मॅग्नोलिया गावातल्या दवाखान्यात खोकल्याचं औषध घ्यायला आलेली ओडेसा समोरच्या जोडप्याचं बोलणं खोकला दाबून ऐकत होती. नवऱ्याच्या भुवया जळाल्या होत्या.

"ग्रिलच्या ठिणगीनं प्लास्टिकची खुर्ची पेटली आणि तू घड्याळ बघत उभा!"

"व्हर्ना, कारखान्यात रोज तेच करतो मी. प्लास्टिकची पट्टी पेटवायची आणि तिच्यात मिसळलेली आमची आगरोधक पावडर ती किती सेकंदांत विझवते ते मोजायचं."

"त्या खुर्चीत होती का तुमची पावडर?"

"तेच तर वाकून बघत होतो!"

"मग विझली?"

"विझली असती. शेजाऱ्यानं मध्येच पाणी मारलं."

"अरे, तिच्यात माझी आई बसली होती!"

"तिचेही मोजले. गुडघे गेले म्हणणारी तुझी आई दोन सेकंदांत उठली."

"…दोनच?"