दुसरं न्हाण

माझं माहेर चंदगडकडलं, पार आत, जितनं एसटी वळून माघारी फिरती तितलं. भात, काजू आणि पाऊस, दुसरं काय न्हाय. आम्ही तिघी बहिणी, मी मधली, मंगल. शाळा दहावीपर्यंत झाली, मग गारगोटीला मावशीकडं ऱ्हाऊन शिवणकाम शिकलो. हसू नका ओ ताई, आमच्याकडं बायका बी आलो, गेलो, शिकलो असंच म्हणत्यात, लिवताना सुधारत बसू नका, हाय तसंच लिवा. तर मावशी ब्लाऊज शिवायची. तिनं मला पैलं काय शिकवलं असंल तर माप घेताना बाईच्या तोंडाकडं बघायचं न्हाय, टेपकडं बघायचं, आणि टेपनं जे काय कळंल ते दुकानाबाहेर न्यायचं न्हाय. कुणाला दिवस गेल्यात हे कधीकधी तिच्या नवऱ्याआधी आम्हाला कळतंय. खरं मी आजवर कुणाचं कुणाला सांगितलेलं न्हाय.

लगीन झालं आणि कोल्हापुरात आलो. आमचं मालक फौंड्रीत हायत, शिफ्टला. सासरं आधीच वारलेलं, नणंदेचं लगीन झालेलं, म्हंजे घरात तिघंच, मी, मालक आणि आत्ती. आत्ती म्हंजे माझ्या सासूबाई. राजारामपुरीत एका जिन्याखाली माझं मशीन हाय, वरच्या मजल्यावर दवाखाना, शेजारी क्लास, दिवसभर वर्दळ. काम कवाच कमी पडलं न्हाय, देवाची किरपा.

आत्तींचं काय सांगू तुम्हाला. बोलायला फाटक्या तोंडाच्या. रिक्षावाल्यानं जरा इकडनं तिकडनं वळवली की त्याचा बापजादा काढत्यात. खरं मनानं लई चांगल्या. त्यांचं लगीन झालं तवा त्यांना अक्कल बी आली नव्हती, लागोपाठ पाच बाळंतपणं झाली, त्यातली जगली दोन, आमचं मालक आणि नणंद. कंबर गेली ती गेलीच. म्हणून तर माझं लगीन होऊन महिना झाला नव्हता तवा त्यांनीच मला हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. म्हणल्या, माझ्यागत तुझं हाल व्हायला नकोत, तुझा हात शिलाईत बसू दे, ह्याची नोकरी पक्की हू दे, मग आणा पोरं. तितल्या नर्सबाईनं सगळं समजावलं, गोळी हाय, तांबी हाय, तीन महिन्याचं इंजेक्शन हाय. गोळी रोज ध्यानात ऱ्हायाची न्हाय म्हणून मी सुई घेतली. आता तुम्हीच सांगा, कुठली सासू नव्या सुनंला अशी घिऊन जाती? मला तर लई अभिमान वाटायचा. माहेरी गेलो की बहिणींना सांगायचो, माझी सासू बघा.

अशी चार-पाच वर्सं गेली. मालक पक्कं झालं. मग आत्तीच म्हणल्या, बास आता सुई, मला नातवंडाचं तोंड बघायचंय. सोडली. नर्सबाई म्हणालती की सुई सोडल्या सोडल्या काय व्हत न्हाय, पाळी लायनीवर यायलाच कितीतरी महिने जात्यात, घाबरू नका. तिनं सांगितलं, आम्ही मान हलवली, आणि घरला येईपर्यंत विसरलो. आनंदात कोण ध्यानात ठेवतंय.

सुई चालू व्हती तवा मला पाळी अशी यायची न्हाय, मधनंच डाग दिसायचं. सुई सोडली आणि थोड्या दिवसांनी ते बी थांबलं. त्यात मला पित्त, सकाळी उठलं की मळमळ. एक दिवस मोरीत उलटी झाली, आत्ती मागं उभ्या. बाई बाई बाई, काय त्यांचं तोंड फुललं! डाग न्हाय, उलट्या हायत, म्हंजे दुसरं काय असणार. मी म्हणलं लघवी तपासायची पट्टी आणून बघू का. त्या म्हणल्या, खुळी हाईस काय, तिसरा सरल्याबिगर नाव काढायचं न्हाय, दवाखाना न्हाय का पट्टी न्हाय, दृष्ट लागती. आणि खरं सांगू का ताई, मला बी बघायचं नव्हतं. वाटत हुतं ते बरं वाटत हुतं.

आमच्यात तिसऱ्या महिन्यात चोरचोळी करत्यात. डोहाळजेवण कसं, सातव्याला, गल्ली बोलवून, फोटो काढून. चोरचोळी तशी न्हाय. दार लावून, घरातल्या घरात ओटी भरायची, हिरवी चोळी द्यायची आणि गप बसायचं. ह्या हातानं मी किती जणींच्या शिवल्यात, प्रत्येकीची शिवताना मनात म्हणायचो, माझी कवा? आत्ती कंबर धरत धरत बाजारात गेल्या आणि हिरवा खण घिऊन आल्या, तांबड्या काठाचा. नणंदेला तेवढं बोलवलं. दार लावलं, मला पाटावर बसवलं, ओटीत तांदूळ, नारळ, खण घातला. आत्ती रडालत्या, मी रडालतो, नणंद बी रडालती. मालक भाईर कट्ट्यावर बसलेतं, आत यायला लाजालतं. एवढं मोठं पुरुष माणूस, भट्टीपुढं उभं ऱ्हातंय, आणि लाजालतं.

मग तिसरा सरल्यावर वरच्या दवाखान्यात नाव घालायला गेलो. आत्ती संगं. डॉक्टरीणबाईनं लघवी तपासली, मशीन लावून बघितलं, परत बघितलं. म्हणल्या, मंगलताई, दिवस न्हाईत ओ. शेवटची सुई कवा घेतलीती? मी सांगितलं. त्या म्हणल्या, तिचा अंमल अजून उतरायचाय, म्हणून पाळी बंद हाय, तुमचं काय बिघडलेलं न्हाय, उतरला की आपोआप चालू हुईल, थांबायचं. चांगल्याच बोलल्या बिचाऱ्या. खरं मला पुढचं काय ऐकू आलं न्हाय. जिना उतरताना आत्तींनी माझा दंड धरलाता, का मी त्यांचा धरलाता, काय की.

मला मूल गेल्यागतच वाटालतं. आणि गेलं तरी कसं म्हणू, नव्हतंच की. ज्या बाईचं पोटातलं जातंय तिला भेटायला चार बायका येत्यात, डोक्यावर हात फिरवत्यात. माझ्याकडं कोण येणार, आणि येऊन काय म्हणणार? मी ते कुणालाच दाखवलं न्हाय. मशीनवर बसलो की पाय हालायचं आणि डोळं गळायचं, गिऱ्हाइकाला म्हणायचो, कापडाची धूळ गेली.

खण आत्तींनी ट्रंकेत तळाला घातला. त्या दिवसापासनं त्यांचं तोंडच बंद झालं. फाटक्या तोंडाची माणसं गप झाली की घर खायला उठतंय बघा. नणंदेनं आनंदात सासरी सांगितलंतं, तितनं सगळीकडं गेलं, फोनवर फोन. मग गल्लीतली एकजण आमच्याच दारात, आत्तींच्या देखत म्हणली, सुया घिऊन घिऊन पिशवी वाळली असणार पोरीची. असली तळपायाची आग मस्तकाला गेली माझी. म्हणलं, तू डॉक्टर हाईस काय गं? माझी पिशवी तू बघून आलीस काय? ऊठ, हो चालती. ती गेली. खरं तिचं बोलणं आत्तींच्या काळजात जाऊन बसलं. सांजच्याला भाकऱ्या थापता थापता म्हणल्या, मंगल, म्या माझ्या हातानं नेलती गं तुला. मी म्हणलं, नेलती ते बरंच केलासा, आणि भाकरी करपाली बघा. त्या न्हाय हसल्या.

असं करत वरीस सरत आलं. एक दिवस दुपारी कुणाचा तरी ब्लाऊज कापालतो, आणि कळलं. पाळी आली. चांगली, पैल्यागत आली. मशीन झाकलं, घरला पळालो, दारातनंच आत्तींना सांगितलं. त्या बघतच ऱ्हायल्या. मग उठल्या, पाणी तापवलं, मला न्हाऊ घातलं, ह्या वयात, डोक्यावरनं तांब्या ओतून. पोरगी शहाणी झाली, पैली पाळी आली की न्हाण घालत्यात न्हवं, तसं. पाटावर बसवून ओटी भरली. म्हणल्या, हे तुझं दुसरं न्हाण. शिरा केला. मालक शिफ्टवरनं आलं, ताटात शिरा बघून म्हणलं, आज कशाचं गोड? आत्ती म्हणल्या, तुझ्या बायकूला पाळी आली, गप खा. आणि किती दिवसांनी सांगू, त्या हसल्या. मालक मान खाली घालून खाईत बसलं, कान लाल.

त्या दिवशी वाटलं, आता झालंच. खरं तसं नसतंय. तवापासनं पाळी येती, वेळंवर येती, आणि आता ती आली की नको वाटतंय. जिच्यासाठी शिरा केला तीच बघा. डॉक्टरीणबाई म्हणल्या, थोडं थांबू, आणि मालकांचं बी तपासून घिऊ. ते आधी वाकड्यात शिरलं, मला काय झालंय म्हणून. आत्तींनी असं झापलं, म्हणल्या, तिनं एवढ्या सुया टोचून घेतल्या, तुला एका बाटलीची लाज वाटती व्हय? गेलं. त्यांचं बी चांगलं हाय. दोघांचं बी चांगलं हाय म्हणत्यात, आणि मूल न्हाय. आता वर डॉक्टरीणबाई हायत, त्याच्या वर देव हाय.

गेल्या आठवड्यात पाळी परत आली. मी मशीनवर डोकं टेकून बसलोतो. बघतोय तर आत्ती, कंबर धरत, एकट्या, चालत आलेल्या. पिशवीतनं ट्रंकेतला तो खण काढला आणि मशीनवर ठेवला, जाणारे-येणारे बघालतं तरी. म्हणल्या, ही शिव आणि घाल. मी म्हणलं, आत्ती, कशी घालू, अजून काय न्हाय की. तर भर रस्त्यात, मोठ्यानं म्हणल्या, चोरून दिली तितंच चुकलं. तवा पोरासाठी दिलती, आता तुझ्यासाठी देतोय. पोर झालं तर झालं, न्हाय झालं तर न्हाय, तू माझी हाईस ते काय ओटीवर हाय व्हय?

काल शिवली. ही काय, अंगावर हाय, हीच. माझं माप मीच घेतलं, टेपकडंच बघून. दोन्ही बाजूला शिवणीत कापड सोडलंय भरपूर, हात लावून बघा, आतनं लागतंय. गरज पडली तर उसवून वाढवायची. न्हाय पडली, तर हाय तशी बसतीय की अंगाला.