खिळ्यावरचं पातं

नको, काउंटरवर नको ठेवूस ते — तिकडे स्टुलावर ठेव. काउंटरवर ओरिजिनल माल असतो. वर्तमानपत्रात गुंडाळून आणलंयस होय? बरं केलंस, लाज असली की माणूस झाकूनच आणतो. बस — अरे, स्टुलावर कसा बसशील, तिथे तुझं पातं आहे. उभा राहा. तुझ्या बापाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या कंपनीची गवत कापायच्या मशीनची पाती बघायची आणि तशीच ठोकायची एवढंच केलं, तू तेच करतोयस, आणि आता माझ्या दुकानात येऊन माझी मुलगी मागतोयस — मग थोडं उभं राहिलास तर पाय काही झिजणार नाहीत. आणि आत कुठे बघतोस? ती नाहीये. रविवारी मावशीकडे जाते. मावशीचा गुडघा धरलाय, तिला भाजी आणून दे, अंगण झाडून दे — येते ती नखं काळी करून. सेवाभाव आहे पोरीत. तुला नाही कळायचं.

हो, खिळ्याचं मी बोललो होतो. नाकारत नाही. ती सारखी भुणभुण करायला लागली — बाबा, एकदा भेटा तरी, बाबा, त्यांचा माल हातात तरी घ्या — तेव्हा वैतागून म्हणालो, त्यांचं एक पातं माझ्या खिळ्यावर सरळ राहू दे, मग लग्नाचं बोलू. आता असं माणूस कधी म्हणतो? जे होणार नसतं तेव्हा म्हणतो! एवढं तरी कळायला हवं होतं तुला. पण नाही, आलास आपला शर्टाला इस्त्री मारून. हा बघ खिळा. भिंतीतला. पात्याच्या मधल्या भोकात हा घालायचा, पातं आडवं धरायचं आणि हात सोडायचा. दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या असतील तर पातं राहतं तसंच. एक बाजू जड असली की ती जाते खाली — आणि असलं पातं मशीनला लावलं की मशीन थडथडायला लागतं, बेअरिंग खलास, चालवणाऱ्याच्या हाताला मुंग्या. मग लोक माझ्याकडे मशीन घेऊन येतात आणि म्हणतात, तुमचं मशीन खराब निघालं. माझं मशीन! पातं कुणाचं? तुझं.

थांब जरा — या ताई, बोला. कोणतं मशीन आहे?... लाल. लाल सगळीच असतात हो, नाव काय त्यावर?... हां, आहे ना, कंपनीचं आहे... दुसरं? दुसरं म्हणजे कसलं?... नाही, तसलं ठेवत नाही आपण. चौकापलीकडे मिळेल, तिथे चपलासुद्धा मिळतात... बरं. बरं. या. — गेली. बघितलंस? बंगल्यापुढे एवढं मोठं लॉन, झाडांना इंग्रजी नावं, आणि पातं म्हणे दुसरं दाखवा. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच — पण बसतं ना हो मशीनला? बसतं! डोक्यावर टोपलीसुद्धा बसते, म्हणून तिला टोपी म्हणायचं का? असलं पातं गवत कापत नाही, ओरबाडतं. दुसऱ्या दिवशी बघ, शेंडे पांढरेफटक. मग यांना वाटतं पाणी कमी पडलं. मग ओतायचं पाणी. मग चिखल. मग माळ्याला शिव्या. सगळं त्या एका पात्यापायी, पण सांगायला जावं तर मीच तिरसट. ... काय? गिऱ्हाईक कमी दिसतंय? ऊन आहे बाहेर. उन्हात कोण येतं. तू नको माझ्या गिऱ्हाइकांची काळजी करूस.

आणि माझी मुलगी म्हणजे काय, माहिती तरी आहे का तुला? तिची आई गेली तेव्हा ही एवढीशी. घरी कुणाजवळ ठेवणार, इथेच मागे, बाकाजवळ बसवायचो. इतर मुली बाहुल्या घेऊन बसतात, ही कानस घेऊन. आणि ती पण डाव्या हाताने! डावखुरी. मी किती ओरडलो — उजव्या हाताने घास, उजव्या हाताने — तेवढ्यापुरतं करायची, पाठ वळली की पुन्हा डावा. शेवटी हात टेकले मी. घासताना पातं आवळून धरायचा तो व्हाइस बघ, बाकाच्या त्या टोकाला. येणारा प्रत्येक मेकॅनिक विचारतो, असा उलटा का बसवलाय. तिच्यासाठी हलवला. तेव्हापासून माझं कोपर रोज त्या कपाटावर आपटतंय — पण ठीक आहे. पोरीची धार बघशील तर — जाऊ दे, तुला कशाला दाखवू. तुमच्याकडे घासतात का तरी? की साच्यातून पडलं की रंग मारून डब्यात? रंगाने काय झाकलं जात नाही म्हणा. तिला मी तुमच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये पाठवू? दिवसभर दुसऱ्याच्या मालाच्या नकला पाडायला? आणि इथे — नाही, इथलं मी बघतो. इथलं माझं मी बघेन. मी काय तिच्या जिवावर दुकान चालवतो असं वाटलं का तुला?

बरं, तू आता हललेला दिसत नाहीस. मग बघूनच घे. आधी ओरिजिनल दाखवतो, म्हणजे तुझं खाली गेल्यावर खिळ्याला दोष देशील ते नको. हे पार्सल आज सकाळीच आलंय, कंपनीचं सील आहे, बघ, तुझ्यासमोर फोडतो. हे बघ, याला म्हणतात स्टील. वाकेल पण तुटणार नाही. हा घातला खिळा — हे धरलं आडवं — आणि हा सोडला हात —

थांब. पंखा बंद कर तो. वारा लागला. ... हां. परत. — छे, खिळ्याला काहीतरी चिकटलंय, पुसून घेऊ दे. ... हे काय — हे एखादं असेल तसलं. शेकड्यात एखादं निघतं. दुसरं घे, दे ते दुसरं, वरचं. — हं. हे पण... असं कधीच झालेलं नाही, सांगून ठेवतो. कधीच! माझ्या कपाटातलं पातं कधी खाली गेलेलं दाखव. उघड ते कपाट, काढ कुठलंही — हे घे. लाव. राहिलं की नाही? बघ, हललंसुद्धा नाही. हेच, हीच कंपनी, हेच मॉडेल. मग पार्सलमधल्यांना काय झालं? फरक काय आहे? पार्सल आलं की ती मागे नेते, कंपनीचं तेल पुसते आणि मग कपाटात लावते, एवढाच काय तो — पुसते. तास-तास पुसत बसते. मी म्हणायचो, एवढं काय पुसतेस गं. ग्राइंडरचा आवाज यायचा मधून मधून, मला वाटायचं गिऱ्हाइकाचं काम करतेय.

... हसू नकोस. हसला नाहीस? मग ठीक आहे. आण तुझं. सोड ते वर्तमानपत्र. दे इकडे, तू नको लावूस, मी लावतो, माझा खिळा आहे. — आडवं धरलं. — सोडला.

...

बोलू नकोस काही. थोडं थांब. कधी कधी उशिरा जातं खाली.

...

नाही गेलं.

माझा चष्मा दे तिथला. त्या डब्यावर. — उजेडात घेतो जरा. धार एकसारखी आहे. पाठीमागची खरखरसुद्धा काढलीये, अंगठा अडत नाही कुठे. तुमच्याकडे एवढं कोण करतं?... नको सांगूस. हे कानशीचे ओरखडे बघ. उजव्या हाताच्या माणसाचे असे पडतात, इकडून तिकडे. हे उलटे आहेत. सगळे उलटे. लहानपणापासून ओरडतोय मी या ओरखड्यांसाठी, मला नाही ओळखायचे? ... म्हणजे मावशीचा गुडघा ठणठणीत आहे तर. आणि ती काळी नखं — अंगण झाडून म्हणे! किती मूर्ख असावं माणसाने. आत्ता, या क्षणाला तिथेच आहे ना ती? तुमच्या शेडमध्ये? वाट बघत बसली असेल, खिळ्याने काय सांगितलं म्हणून. ... मला विचारून करायचं होतं. विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं मी, ते वेगळं. पण विचारायचं होतं.

एक सांगा मला. खरं सांगा. तुमच्याकडे बाकावर व्हाइस कुठल्या टोकाला आहे?... पहिल्यापासून तिथेच?... हलवला. कोणी, तुम्ही? तिने सांगितलं म्हणून?... न सांगता. हं. ... आणि तुमचे वडील? ते काही बोलले नाहीत?... कोपर आपटतं म्हणाले. आपटणारच. सवय होते म्हणावं त्यांना.

नाही, ते राहू द्या. पातं राहू द्या खिळ्यावर. आणि ते वर्तमानपत्र उचला, कचरा करू नका इथे. निघा आता, दुकान बंद करायचंय मला. — अजून दुपारच आहे हे मला दिसतंय. दुकान माझं आहे. निघा.