पानावरचा पाय

सोमवारचं माझं मौन असतं, म्हणून बसच्या रांगेत पुढच्या बहीणभावाचं बोलणं नुसतं ऐकत होते.

"ताई, आपल्या कृत्रिम पायांच्या दुकानाची वेबसाइट एआयनं किती देखणी केलीय बघ!"

"माझ्या फोटोतला पाय कुठाय?"

"फोटो गुडघ्यापाशी कापलाय. पान स्वच्छ दिसतं म्हणे."

"एकदा डॉक्टरांनी कापला, आता तुझ्या एआयनं?"

"अगं, लोक बिचकतात."

"बिचकू देत! पाय गेलेलं माणूस ते पान उघडणार, त्याला काय माझी लिपस्टिक बघायचीय? सांग तुझ्या एआयला, पाय सगळ्यात वर हवा. आणि मोठा."

"दुसरा फोटो नाहीये."

"मग आत्ता काढ."

"इथं? सगळ्यांसमोर?"

तिनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. तिच्या पायाच्या आड येणारी माझी पिशवी मी बाजूला ओढली.