प्लीहेवरची टेंगळं

वॉर्डाबाहेरच्या बाकावर मावशी नवऱ्याला बाहेर आणण्याची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी बहीणभाऊ बोलत होते, आणि कान काही मिटता येत नाहीत.

“परत नर्सला विचारायला निघालास?”

“बोन मॅरो माझा आहे, ताई. दादाच्या अंगात रुजला की नाही, मला कळायला नको?”

“एवढीशी ती मॅरोची पिशवी. तेवढ्यानं काय होणार?”

“होतं गं. आमच्या लॅबमध्ये उंदराचा मॅरो किरणांनी मारतात आणि दुसऱ्या उंदराचा शिरेतून देतात. त्यातल्या काही पेशी पोटातल्या प्लीहेत जाऊन बसतात. मग तिथे टेंगळं उठतात. एकेक टेंगूळ म्हणजे एकाच पेशीचा सगळा गोतावळा.”

“एकाच?”

“एकाच. तिथूनच नवं रक्त तयार होतं.”

“अगंबाई! आणि ती टेंगळं तुम्हाला दिसतात कशी?”

“प्लीहा काढून बघतो.”

“आणि उंदीर?”

“…दादाचं तसं नाही, ताई. त्याचं नुसतं रक्त तपासतात.”

“ते कळतं रे मला. पण लहानपणी तू पेरलेलं बी रोज उकरून बघायचास. एक तरी उगवलं का?”

मावशींनी बाकावरची आपली कापडी पिशवी उचलून मांडीवर घेतली. भाऊ तिथे बसला.