मापाला उभी

आई: अहो, अजून किती वेळ? तुमची ती सावली हलत नाहीये आणि माझे पाय ऐकत नाहीयेत.

बाबा: पाच मिनिटं. तिसऱ्या पायरीवर यायची आहे. मागच्या दोन्ही फेऱ्यांत ती तिसरीवरच होती.

आई: दुसऱ्या पायरीवर छान बसलीये बिचारी. कशाला उठवता.

लेक: आई, बस तोवर. लाँड्रीवाल्या काकांनी स्टूल दिलंय.

बाबा: बस, पण खडूची खूण सोडू नकोस. स्टूल खुणेवरच ठेव. आणि फोटोच्या वेळी ती लोकरीची टोपी काढ. दोन बोटं उंची वाढते तिनं.

आई: केस होते तेव्हा दोन बोटं त्यांचीच होती. ते गेले, टोपी आली. माप चोख आहे, काळजी करू नका.

लेक: आई.

आई: काय आई? खोटं बोलतेय का? इस्पितळातून घरी आले तेव्हा आरशानं पण हेच सांगितलं.

बाबा: बरं, राहू दे टोपी.

लेक: बाबा, मापाला माणूसच कशाला लागतो? रंगवलेली पट्टी उभी केली असती. दार केवढं, खिडकी केवढी, ते तिच्यावरूनही कळलं असतं.

बाबा: होती पट्टी. पहिल्या फेरीच्या पहिल्याच दिवशी बसमध्ये राहिली.

आई: राहिली म्हणे. आपणहून राहिली. अगं, मी विसरले. तू कडेवर पेंगलेली, सहा वर्षांची घोडी, एका हातात यांचं स्टँड, दुसऱ्यात डबा. उतरताना पट्टी सीटखालीच. आणि हे म्हणाले, आता तूच उभी राहा. वीस वर्षं झाली, अजून शिक्षा भोगतेय.

बाबा: शिक्षा कसली? बावीस जागा, दर दहा वर्षांनी एक फेरी, अशा दोन झाल्या. या गावात तुझ्याइतके फोटो कुणाचे नसतील.

आई: आणि एकातही हसायला परवानगी नाही.

बाबा: हसलं की लोक माणसाकडे बघतात. फोटो गावाचा आहे.

लेक: दुसऱ्या फेरीत हिनं उंच टाचांची चप्पल घातली म्हणून तीन फोटो परत काढले होते ना तुम्ही?

आई: नवी होती गं. आठ दिवस बोलत नव्हते माझ्याशी.

बाबा: तीन दिवस. आणि बोलत नव्हतो असं नाही, दमलो होतो. त्या चपलेनं चौकातलं घड्याळ बुटकं दिसायला लागलं होतं.

लेक: या कोपऱ्यात एवढं काय आहे, बाबा? एक लाँड्री, एक चावीवाला, तीन पायऱ्या.

बाबा: त्या पायऱ्या नीट बघ. कुठे झिजल्यात?

लेक: डावीकडे.

बाबा: का?

लेक: मला काय माहीत.

बाबा: कारण बसथांबा डावीकडे आहे. माणसं उतरतात आणि सरळ तिरपी चढतात, चार पावलं वाचवतात. पहिल्या फेरीत पायरीला नुसता खळगा होता. दुसऱ्या फेरीत त्यात पाणी साठायला लागलं. आता बघ, वाटीच झालीये. दुकानं तीनदा बदलली. आधी चावीवाला नुसती कुलपं दुरुस्त करायचा, मग पाटीवर छत्र्या आल्या, आता मोबाईलची कव्हरं. पण गावाची घाई तीच. ती इथे दगडात उतरलीये. मोठ्या इमारती कुणालाही दाखवता येतात. गावाचा स्वभाव अशा कोपऱ्यावर सापडतो.

आई: झालं, लागली कॅसेट.

लेक: ऐकू दे गं. बाबा, पण मग एवढी घाई तुम्हाला कसली? मागच्या फेरीला अख्खं वर्ष लागलं होतं. ज्या जागेचा जो महिना, त्याच महिन्यात तिचा फोटो. वहीत लिहिलंय तुम्हीच. आणि आता नऊ दिवसांत सोळा जागा?

बाबा: रस्ता रुंद करतायत.

आई: पुढच्या वर्षी करतायत.

बाबा: वाचनालयाला तीनही फेऱ्यांचे फोटो शेजारी शेजारी लावायचे आहेत. भिंत रंगवून तयार आहे त्यांची.

लेक: ती भिंत कुठे पळून जात नाही, बाबा. थांबेल.

आई: तू बापाला विचारतेस, मग मी तुला विचारते. महिनाभर सुट्टी देणारं ऑफिस कुठे असतं गं? मलाही लाव तिथे चिकटवून.

लेक: साठलेली होती.

आई: बघ, सगळ्यांकडे उत्तरं तयार आहेत. परीक्षेला बसल्यासारखी.

बाबा: आली. तिसरीवर आली. उभी राहा. हळू. लेकी, हात दे तिला.

आई: हात कशाला, मला अजून उठता येतं. हं. स्टूल तेवढं बाजूला घे.

बाबा: हनुवटी खाली. खांदे सैल. हसू नकोस.

आई: तुमच्याकडे बघून हसू येतं असं वाटतं का तुम्हाला?

(कॅमेऱ्याचा आवाज. मग पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा बऱ्याच वेळानं.)

बाबा: झालं. बस.

लेक: बघू. इकडे द्या.

बाबा: घरी बघू की. उन्हात पडद्यावर काही दिसत नाही.

लेक: मी सावलीत धरते. बाबा, पाटी वाचता येत नाहीये.

बाबा: मोठं करून बघ.

लेक: मोठं करूनच बघतेय. चावीवाल्याची पाटी धुरकट. पायऱ्याही. ज्या वाटीबद्दल एवढं सांगितलंत, ती नुसता डाग दिसतेय.

बाबा: हात हलला असेल.

लेक: कॅमेरा स्टँडवर आहे.

बाबा: मग वारा.

लेक: बाबा, मी सांगणार नव्हते. परवा वाचनालयातल्या बाईंचा फोन आला होता. आपण पाठवलेल्या पंधरा फोटोंत मागचं काहीच नीट नाही म्हणाल्या. घड्याळाचे काटे दिसत नाहीत, दारांचे नंबर दिसत नाहीत. फार जपून बोलल्या. कॅमेरा बिघडला असेल, म्हणाल्या. काल मी एकेक उघडून बघितला. कॅमेऱ्याला काही झालेलं नाही. हिच्या स्वेटरचा टाका न् टाका मोजता येतोय.

बाबा: फोकस सरकला असेल.

लेक: पंधराच्या पंधरा वेळा? आणि आत्ता सोळाव्यांदा?

आई: दे इकडे. मला बघू दे. … अगंबाई. माझ्या ओठावरचा हा तीळ एवढा मोठा आहे होय?

बाबा: पुन्हा काढतो सगळे. उद्यापासून पहिल्या जागेपासून सुरू करू.

लेक: ती उभी नाही राहू शकत, बाबा. मी राहते उभी.

बाबा: तू नाही चालणार.

लेक: का?

बाबा: तू तिच्यापेक्षा चार बोटं उंच आहेस. दोन फेऱ्या एका मापाच्या आणि तिसरी दुसऱ्या मापाची, असं चालत नाही. वीस वर्षांचं काम आहे.

आई: चार बोटांनी गाव बुटकं होत नाही. वहीत लिहून ठेवा, इथून पुढे लेक उभी आहे म्हणून. वाचणाऱ्याला वजाबाकी येते.

बाबा: तुझी थोडी ताकद भरून येऊ दे. महिनाभर थांबू. दोन महिने थांबू. वर्षभर सावकाश करू, मागच्यासारखं. एका महिन्यात एक-दोन जागा. मला काही घाई नाही.

लेक: आत्ता घाई होती.

बाबा: नाही आता.

आई: अहो, इकडे बघा. कॅमेऱ्यातून नको, तसंच बघा.

बाबा: बघतोय.

आई: आणि दहा वर्षांनी चौथी फेरी आली की? तेव्हा कुणाला उभं करणार आहात?

बाबा: तेव्हाचं तेव्हा बघू.

आई: तेव्हा मी नसणार. वर्षभरानंसुद्धा नसणार. डॉक्टर बोलले ते आपण तिघांनीही ऐकलंय. तुम्ही सावली सांगता, ही सुट्टी सांगते, मी टोपीवर विनोद करते. पुरे झालं आता. हिला त्या खुणेवर जाऊ दे, आणि माझं स्टूल तुमच्या शेजारी ठेवा. वीस वर्षं तुम्ही कॅमेऱ्यातून काय बघता, ते मी एकदाही बघितलेलं नाही.