खुंट्यांची पोपटी

तमीम : काका, मी खुंट्यांचं विचारतोय आणि तुम्ही मला वालाचं पीक सांगताय.

जगन : पीक चांगलं आलंय म्हणून सांगतो. काल रातच्या पोपटीत खाल्ल्यास ना मडक्यात भाजलेल्या शेंगा? सांग, कशा होत्या?

तमीम : झकास होत्या. पण काल दिवसभर उन्हात उभा राहून मी त्या वळणापासून तुमच्या ओट्यापर्यंत खुंट्या ठोकल्या. लाल डोक्याच्या. हायवे रुंद करायचा, त्याची हद्द. आज सकाळी येऊन बघतो तर एकही खुंटी जागेवर नाही.

जगन : गुरं फिरतात रे इथं.

तमीम : गुरं खुंट्या खातात?

जगन : पेणची गुरं तुला म्हायत नाय. तू रोह्याचा.

ठमाबाई : अवो, गुरांचं नाव कशाला घेता? बिचारी रातभर गोठ्यात बांधलेली. पोरा, तू चहा घे आधी. एवढ्या सकाळी आलास, पोटात काय हाय का?

तमीम : चहा नंतर, मावशी. दुपारी मोठे साहेब येणार आहेत जागा बघायला. त्यांना हद्द दिसली नाही तर म्हणतील, इथलं राहू दे, पुढचा तुकडा आधी घ्या. मग हे वळण असंच अरुंद राहिलं समजा. परत कधी नंबर लागेल देव जाणे.

ठमाबाई : असंच राहील?

जगन : आता सरकारी काम. आपण काय बोलणार गो. राहिलं तर राहिलं.

ठमाबाई : तोंड बघा तुमचं. हसू मावत नाय.

तमीम : काका, ही कालच्या पोपटीची राख ना? हे खिळे कसले यात?

जगन : खिळे? ठमा, मडक्यात खिळे घातलेस का गो?

ठमाबाई : मी वालाच्या शेंगा घातल्या, अंडी घातली, ओवा-मीठ लावलं, वर-खाली भांबुर्ड्याचा पाला दाबला. ह्या पोराला आमची कोंबडी चालायची नाय म्हणून ती पण नाय घातली. मडकं माझं, जाळ तुमचा. लाकडं तुमी आणलीत. मी विचारलं तर म्हणालात, साहेबाच्या माणसांनी उरलेली दिली.

तमीम : मावशी, प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर आम्ही एक खिळा मारतो. दुर्बिणीतून त्या खिळ्यावर नेम धरतात. म्हणजे काल मी जिथं शेकत बसलो तो माझ्याच कामाचा जाळ होता. आणि वर मी म्हणालो काय, तर काका, आग काय सुरेख धरलीय.

जगन : म्हणालास खरा. सुकं लाकूड होतं. सरकारी असून बरं पेटलं.

तमीम : हसू नका काका, नोकरी जाईल माझी.

जगन : मला सांग, तुमच्या रोह्याला पोपटीच्या शेंगा कुठनं आणतात?

तमीम : शेजाऱ्याच्या शेतातून. चोरूनच आणायच्या, त्याशिवाय मजा नाही. आमचे अब्बा तर ज्याच्या शेतातल्या आणायचे त्यालाच पहिलं बोलावणं धाडायचे.

जगन : मग माझं काय चुकलं? ज्याचं घेतलं त्याला बोलवलं. पहिलं अंडं पण तुलाच दिलं.

ठमाबाई : रीत सांगतायत मला. पोरा, खरं मी सांगते. तुझी रेघ ओट्यावरनं जाणार कळलं ना, तवापासनं ह्यांना जेवण गोड लागत नाय. दोन दगडांचा ओटा तो, त्यासाठी एवढं.

जगन : दोन दगड नाय ते.

ठमाबाई : मग काय राजवाडा हाय? आमचा हरेश डोलवीला कंपनीत हाय. सेकंड शिफ्ट सुटली की ह्याच वळणावरनं सायकलनं येतो. समोरासमोर दोन गाड्या आल्या की सायकलला जागाच नाय. मागच्या पावसात डंपर अंगावर आला नि पोर सायकलीसकट शेतात पडलं. गुडघा फुटला, थोडक्यात निभावलं. मी म्हणते ओटा काय, सगळी पडवी घ्या, पण रस्ता होऊ द्या. नि हे बसलेत खुंट्या जाळत. विडी ओढायला जागा पायजे ना.

जगन : विडी एकच असते.

ठमाबाई : मग एवढा वेळ काय करता रोज रातचं?

जगन : वळण बघतो. घरातनं दिसत नाय ते. ओट्याच्या ह्या कोपऱ्यावरनंच दिसतं. सायकलचा दिवा वळला की मी आत येऊन पडतो नि घोरतो. पोराला कळायला नको, बाप जागा हाय म्हणून. ओटा गेल्यावर मी बघू कुठनं?

ठमाबाई : कधी बोललात नाय ते.

जगन : तू निजलेली असतेस.

ठमाबाई : मी कसली निजते. तुमी आत येऊन घोरायला लागलात की लगेच अंगणात सायकल वाजते. तवा माझा डोळा लागतो. मला वाटायचं, योगच असा हाय.

तमीम : काका, माझं ऐका. रस्ता रुंद झाला की दोन्हीकडे साईडपट्टी येणार. हरेश तिच्यावरून येईल, गाड्यांपासून बाजूला. आणि वळणावरचा तो बांध नि झुडपं सगळी निघणार. मग तुम्ही दारात बसलात तरी पार डोलवीच्या अंगाला नजर जाईल.

जगन : दारातनं?

तमीम : दारातून.

जगन : नि आत खाटेवर पडलो तर?

ठमाबाई : आता रस्ताच घरात आणा.

जगन : तुझ्याकडं मापं हायत का रे अजून?

तमीम : मापं आहेत. खुंट्या नाहीत.

जगन : ठमा, कुऱ्हाड आण. ओट्यावरचं बाकडं फोडतो. ओटाच जाणार, तर बाकडं ठेवू कुठं?

तमीम : राहू द्या काका, बसायला लागेल तुम्हाला.

जगन : बसायला उंबरा हाय.

ठमाबाई : खिळे मी वेचते राखेतनं. लाल रंग नाय माझ्याकडं, गेरू हाय. चालंल तुझ्या साहेबाला?

तमीम : लाल दिसला म्हणजे झालं. आणि मावशी, आता तो चहा द्या.

(बाकड्याच्या खुंट्या झाल्या. तिघं वळणापासून ठोकत ठोकत ओट्यापाशी आली आहेत.)

तमीम : ही शेवटची. ओट्यावरचीच आहे बरं का काका. ठोकू ना?

जगन : ठोक. थांब. जरा आत घे.

तमीम : आत म्हणजे तुमच्या दाराकडे? आधीच ओटा जातोय तुमचा. आणि हद्द मला हलवता येत नाही.

जगन : वीतभर सांगतोय रे. सायकलला तेवढंच बरं पडंल.